जलपरीला मालवणात काय हवं आहे?

प्रश्न असा आला आहे: "मी मालवणात बँकेत नोकरी करते. जुन्या परीकथा मोठ्यांसाठी नव्यानं सांगणाऱ्या इंग्रजी फँटसी कादंबऱ्या गेली पाच-सहा वर्षं वाचते आहे. जलपरीची गोष्ट इथल्या दांडीच्या किनाऱ्यावर आणून मराठीत कादंबरी लिहायला घेतली. राजपुत्राच्या जागी रापणवाल्यांच्या (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या) घरातला मुलगा आहे. 80 पानं झाली आणि गाडी अडली. पुढचं सगळं ठाऊक आहे, तरी हात चालत नाही. त्यात घरचे म्हणतात, परीकथा कसल्या लिहितेस, पोरांसाठी का? काय चुकतंय, आणि काय वाचू?" सोबत पहिली वीस पानं आणि पुढचा कच्चा आराखडा आहे.

मी पंचवीसेक वर्षं दुसऱ्यांची हस्तलिखितं वाचते आहे. आधी पुण्यात एका प्रकाशकाच्या कचेरीत, आता वेंगुर्ल्यात घरच्या पडवीत. परीकथांवरची हस्तलिखितं अलीकडे बरीच येतात आणि त्यातली पुष्कळशी तुमच्यासारखीच ऐंशी-शंभर पानांवर रुततात. म्हणून आधी दुखणं बघू. पुस्तकांची नावं नंतर देते, कारण नावं आधी दिली की लोक ती घेऊन पसार होतात.

जलपरीची मूळ गोष्ट डेन्मार्कच्या हान्स क्रिश्चन अँडरसनची, 1837 सालची. ती पुन्हा एकदा वाचा, पण या वेळी फक्त एका प्रश्नासाठी: या मुलीला हवं काय आहे? राजपुत्र, असं सगळे म्हणतात. पण गोष्टीच्या मधोमध तिची आजी तिला सांगते की आपण तीनशे वर्षं जगतो आणि मग पाण्यावरचा फेस होतो. माणसं थोडंच जगतात, पण त्यांच्यापाशी अमर आत्मा असतो. मुलगी विचारते, मला तो मिळणारच नाही का? आजी सांगते, एखाद्या माणसानं आईबापांपेक्षा तुझ्यावर जास्त माया केली आणि लग्न केलं, तरच. राजपुत्रावर तिचा जीव जडलेला आहे हे खरं. पण माणसाचे पाय मिळावेत म्हणून चेटकिणीला जीभ कापून देण्याइतकी किंमत ती मोजते तिच्यामागं आत्म्याची ही भूक आहे. शेवटीसुद्धा ती नुसती फेस होत नाही. वाऱ्याच्या मुलींमध्ये जाते आणि तीनशे वर्षं सत्कर्मं केलीस तर आत्मा मिळेल, असं तिला सांगितलं जातं. म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा हिशोब आत्म्याचाच.

आता ही गोष्ट मालवणात आणा. आपल्याकडे आत्म्याची टंचाई कुठं आहे? तो मुंगीला आहे, माडाला आहे, आणि पिंडाजवळच्या कावळ्यात तर आपले आजोबाच येऊन बसतात. तुमच्या जलपरीला आत्म्यासाठी काही द्यायलाच नको, तो तिच्यापाशी जन्मापासून आहे. डेन्मार्कहून गोष्ट आणताना तिचं इंजिन तिकडंच राहिलं आणि आपल्या वाळूला लागली ती नुसती होडी. ती तुम्ही प्रेमाच्या एका वल्ह्यावर 80 पानं मारत आणलीत, याचं मला खरंच कौतुक वाटतं. पण भेट, ओढ, गैरसमज, विरह एवढंच प्रेमकथेत असलं तर दम तेवढ्यातच संपतो. हात चालत नाही तो म्हणून.

मग आपल्या किनाऱ्यावर असं काय आहे जे सगळ्यांपाशी आहे, फुकट मिळाल्यासारखं वाटतं, आणि बाहेरून आलेल्याला जीभ दिली तरी मिळत नाही?

तुम्ही दांडीच्या आहात, तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. रापण ओढून झाली की वाळूवर वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसांचे वाटे. दोराला नुसता हात लावलेल्या पोरालाही मूठभर मासळी मिळते, पण ती मूठ म्हणजे वाटा नव्हे, आणि हा फरक ओढणाऱ्या प्रत्येकाला कळतो. देवळात गाऱ्हाणं घातलं जातं, 'बारा-पाचाच्या देवा महाराजा' म्हणत सगळ्या गावाच्या वतीनं मागणं मागितलं जातं, आणि जमलेले 'व्हय महाराजा' म्हणतात. त्या 'सगळ्या गावा'त कोण मोडतं? लग्न होऊन आलेली मोडते, पण कधीपासून? चाकरमानी तीस वर्षं मुंबईत राहिला तरी मोडतो. आणि जिचं कूळ कुणालाच ठाऊक नाही, जी एका पहाटे वाळूवर सापडली, ती?

माझ्या मते तुमच्या जलपरीचा अमर आत्मा तो हाच. गावात गणती होणं. स्वतःचा वाटा पडणं. गाऱ्हाण्यात आपणही आहोत हे कुणी न सांगता ठाऊक असणं. तो रापणवाल्यांचा मुलगा त्याची वाट आहे, जसा अँडरसनमध्ये राजपुत्र होता. हे बदललंत की पुढची दोनशे पानं आपोआप दिसायला लागतील. सासू काय करते, चुलत्यांच्यात काय बोलणं होतं, देवाला कौल लावायची वेळ येते तेव्हा काय होतं, हे सगळं मग सजावट न राहता कथानकात येतं. तुमच्या वीस पानांत हे सगळं आहेच, पण पर्यटकाला दाखवावं तसं. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या विहिरींचं वर्णन तुम्ही दीड पान केलंय आणि नंतर त्यांचं नावही नाही. अहो, चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधे गोड्या पाण्याची विहीर! समुद्रातून आलेल्या बाईसाठी ती जगाची हद्द आहे. तिला ते पाणी पहिल्यांदा प्यायला लावा. ओकू द्या. दुसऱ्यांदा प्यायला लावा.

तुमचं पान 17. ती किनाऱ्यावर येते आणि तुम्ही लिहिता, 'प्रत्येक पावलागणिक तिला असह्य वेदना होत होत्या.' अँडरसननं सुऱ्यांवरून चालल्यासारखं म्हटलंय, ते त्याचं झालं. तुमच्याकडे सुऱ्या कुठल्या आहेत? सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खडकांवर कालवं काढायला बायका जातात ना? कालवाची कड पायात शिरते तेव्हा रक्त आधी दिसतं आणि ठणका मागून येतो. खाऱ्या पाण्यात ती चीर मिटत नाही, पांढरी पडून उघडी राहते. या बायकांच्या रांगेत तुमच्या मुलीला उभी करा. तीही लंगडते, शेजारचीही लंगडते. तिची वेदना जादूची आहे हे कुणाच्या लक्षातच येणार नाही, कारण तिथं कुणाचेच पाय धड नाहीत. मला विचाराल तर जुनी गोष्ट मोठ्यांसाठी सांगणं ते हे. मूळ गोष्टीत जे एकटीच्या वाट्याला येतं ते इथं आल्यावर किती जणींचं निघतं, ते दिसलं पाहिजे.

चेटकिणीकडे येऊ. तुम्ही तिला मोठ्या ट्रॉलरच्या मालकाची बायको केलंय. कळतं का केलंत ते. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले (यांत्रिक होडीतून मोठ्या जाळ्यानं मासळीचा अख्खा थवा वेढणारे) यांचा झगडा तुमच्या दारातला आहे, 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंध येऊनही तो मिटलेला नाही. पण वाईट माणूस म्हणून ट्रॉलरवाला ही पहिली सुचणारी गोष्ट आहे, आणि पहिली सुचणारी गोष्ट किनाऱ्यावरच्या प्रत्येक लिहिणाऱ्याला सुचते. शिवाय अँडरसनची चेटकीण वाईट नाही. ती सरळ सांगते की तू करतेस तो मूर्खपणा आहे, तुझं वाटोळं होईल. मग किंमत सांगते आणि ठरलेला माल देते. तिनं कुठं फसवलं? फसवणूक नाही म्हणूनच ती गोष्ट जिवाला लागते. तुम्हाला चेटकीण हवी असेल तर खलाशांना उचल देणारी एखादी बाई बघा. वहीत नावं, नावांपुढं आकडे, आणि तोंडात 'बघ हां बाय, मी सांगितलंय तुला.' उचल घेतलेला माणूस मोसमभर बांधला जातो आणि तरी दुसऱ्या वर्षी त्याच दारात उभा राहतो. त्याची गरज खरी असते आणि तिचा हिशोबही खरा असतो.

परीकथेत जादूपेक्षा सौदा जास्त महत्त्वाचा. काय दिलं, काय मिळालं, अट कुठली, अट मोडली तर काय. बाकी सगळं हलवा, काळ बदला, मुलाची मुलगी करा, पण सौदा सैल करू नका. तुमच्या कच्च्या आराखड्यात शेवटी आईच्या प्रेमामुळं तिची वाचा परत येते. का येते? कुणी किंमत दिली? अँडरसनमध्ये बहिणी आपले केस चेटकिणीला देतात तेव्हा कुठं एक सुरी मिळते, आणि ती सुरीही अटीसकट. फुकट परत मिळालेली वाचा वाचकाला फसवल्यासारखी वाटते. तो बोलणार नाही, पुस्तक मिटून ठेवील.

'पुढचं सगळं ठाऊक आहे' ही तुमची तक्रार मात्र मला पटत नाही. जत्रेतला दशावतार रात्रभर बसून पाहिलाय ना? आख्यान सगळ्यांना पाठ असतं. राक्षस मरणार, पतिव्रतेचं सत्त्व राहणार. नटाच्या हातात लिहिलेली संहिता नसते. रंगायला बसल्यावर पेटाऱ्यापाशी आख्यान ठरतं, कुणी कुणाचं सोंग घ्यायचं ते ठरतं, आणि संवाद उभ्या-उभ्या जुळवायचे. मी एकदा मध्यरात्रीनंतर पाहिलं, राजानं राणीला वनात धाडायचा हुकूम दिला आणि राणीचं काम करणाऱ्यानं ठरल्याप्रमाणं रडण्याऐवजी शांतपणे विचारलं, 'महाराज, वनात धाडताय ते बरं, पण माझ्या गायींचं दूध उद्या कोण काढील?' पेटीवाल्याचा हात थांबला. राजाला उत्तर सुचेना. राणी वनातच गेली, गोष्ट पुढं जायची तशीच गेली, पण बायकांच्या बाजूला जी कुजबूज सुरू झाली ती पहाटेपर्यंत थांबली नाही. तुम्हाला तो दुधाचा प्रश्न शोधायचा आहे. शेवट ठाऊक असणं हे तुमचं भांडवल आहे. रहस्यकथा लिहिणाऱ्यांना विचारा, शेवट लपवण्यात त्यांची निम्मी ताकद जाते.

आता मुकेपणाचा पेच. तुमची नायिका पान 15 नंतर बोलू शकत नाही, आणि तुम्ही गोष्ट तिऱ्हाईताच्या तोंडून सांगताय. परिणाम असा की ती पानापानाला डोळ्यांत पाणी आणून बघत राहते. इथं मात्र एक पुस्तक लगेच सुचवते. ज्युलिएट मॅरिलियरची 'डॉटर ऑफ द फॉरेस्ट', 1999. ग्रिमच्या संग्रहातली सहा हंसांची गोष्ट आहे. भाऊ हंस झालेत, आणि त्यांच्यासाठी सदरे विणून होईपर्यंत बहिणीनं अवाक्षर काढायचं नाही. लेखिकेनं ती जुन्या आयर्लंडमध्ये नेली आणि एक साधी युक्ती केली: गोष्ट त्या मुलीच्याच तोंडून, 'मी' म्हणून सांगितली. जगाशी एक शब्द न बोलणारी बाई वाचकाशी अखंड बोलते. (त्यात बलात्काराचा प्रसंग आहे, वाचताना तयारी असू द्या.) तुमच्याकडे याहून बरी सोय आहे. तुमची मुलगी मुकी आहे आणि तिच्या भोवती मालवणी आहे, जी तिला आधी कळत नाही, मग शिव्या कळतात, मग माशांची नावं, मग टोमणे. भाषा शिकणं पण बोलता न येणं, यावर एक अख्खा भाग होईल. निवेदन साध्या मराठीत ठेवा, बोलणी मालवणीत, आणि कृपा करून प्रत्येक मालवणी वाक्यामागं त्याचा अर्थ लावू नका. विदर्भातला वाचक चार पानांत सरावतो.

घरच्यांच्या 'पोरांसाठी का' याला मी हल्ली उत्तर देत नाही, पण तुमच्या माहितीसाठी सांगते. या गोष्टी पोरांच्या कधी नव्हत्याच. नेपल्सच्या बाझिले या लेखकाचा परीकथासंग्रह 1634 ते 1636 मध्ये छापला गेला. त्यातली झोपलेली राजकन्या झोपेतच गरोदर राहते आणि जुळ्यांना जन्म देते. फ्रेंच लेखक पेरोचं पुस्तक 1697 चं, पॅरिसच्या सुशिक्षित मंडळींसाठी लिहिलेलं. त्यात लाल टोपीवाली मुलगी लांडग्याच्या पोटात जाते आणि गोष्ट तिथंच संपते, लाकूडतोड्या वगैरे कुणी येत नाही. ग्रिम बंधूंचा पहिला खंड 1812 चा, त्यात अभ्यासकांसाठी टिपा होत्या. पुढं 1857 च्या सातव्या आवृत्तीपर्यंत धुणं चालू राहिलं. हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती, 1819 मध्ये तिची सावत्र आई झाली. रापुंझेल पहिल्या आवृत्तीत निरागसपणे विचारते की माझे कपडे घट्ट का होतायत. पुढच्या आवृत्त्यांतून ते वाक्य गेलं.

म्हणून 'मी परीकथेत रक्त आणि शरीरसंबंध घातले, आता ती मोठ्यांची झाली' असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. ते तर आधीच होतं, काढून टाकलेलं. मीही ही चूक केली आहे. पुण्यात असताना एक हस्तलिखित आलं होतं, झोपलेल्या राजकन्येची गोष्ट राजापूरकडच्या एका बंद वाड्यात आणलेली. शांत, संथ लिखाण होतं. घरातल्या सगळ्या बायका कामं करता करता एकेक करून झोपी जातात आणि पुरुषांना चार दिवस पत्ताच लागत नाही, कारण ताटं वाढलेली होती. मी त्या लेखकाला सांगितलं, भय कमी पडतंय, एखादा मृत्यू आणा. त्यानं आणले, तीन आणले. पुस्तक निघालं आणि गेलं. वाढलेल्या त्या ताटांच्या प्रसंगाला मी स्वतःच्या हातानं कात्री लावली होती, भयकथेत तो जड वाटत होता म्हणून. आजही जेवायला बसल्यावर कधी कधी आठवतो.

मोठ्यांसाठी म्हणजे काय, हे मला खरं तर आजीनं शिकवलं होतं, पण तेव्हा कळलं नव्हतं. ती आडाळ्यावर खोबरं किसता किसता भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सांगायची. लेकीकडे जाऊ दे, तूप-रोटी खाऊ दे, जाडजूड होऊ दे, मग मला खा. तुम्हीही ऐकली असणार. मी पाच-सहा वर्षांची असताना विचारलं, भोपळ्यात म्हातारीला श्वास कसा येत होता? आजीचा हात थांबला नाही. 'लेकीन देठाकडे भोक ठेवल्यान.' झालं. पण त्या एका भोकातून लेक गोष्टीत शिरली. तोवर ती नुसती तूप-रोटी करणारी होती. आता ती रात्री भोपळा कोरत बसलेली दिसते, आई वाघाच्या वाटेनं परत जाणार आहे हे तिला ठाऊक आहे, आणि 'राहा इथंच' असं ती म्हणत नाही किंवा म्हणू शकत नाही, कारण घर तिच्या नवऱ्याचं आहे. कादंबरी तिथं आहे. आणि बघा, युरोपात लाल टोपी घालून नात आजीकडे जाते. आपल्याकडे म्हातारी एकटी जंगलातून लेकीकडे जाते आणि अकलेनं परतही येते.

या निमित्तानं एक भलतंच सुचवते. जलपरी पुरी झाल्यावर, आधी नको, श्रावणी सोमवारची शिवामुठीची कहाणी काढून वाचा. आटपाट नगरच्या राजाला चार सुना. तीन आवडत्या, एक नावडती. तिला जेवायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचं बेडं. रानात तिला नागकन्या-देवकन्या भेटतात, ती त्यांच्याकडून वसा घेते. आपली राखेतली मुलगी दुसरी कोण? पण काचेच्या बुटाच्या जागी इथं मागं राहतं ते सासऱ्याचं पागोटं. राजा ते सोन्याच्या देवळात खुंटीवर ठेवतो, तळं बघायला जातो, परत येतो तर मोठं देऊळ नाहीसं झालेलं, लहानशा देवळात पिंडी आणि खुंटीवर पागोटं. नावडती मग आवडती होते, सासऱ्याची! नवरा कुठं आहे? तो येतो फक्त तिच्या मागण्यात, सासू-सासरे, दीर-भावे, नणंदा-जावा यांच्या यादीत, शेवटी. आणि आवडत्या तिघी दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतात, याबद्दल कहाणी चकार शब्द काढत नाही. मी वाट बघते आहे, कुणीतरी या तिघींवर लिहील म्हणून.

आता पुस्तकं, कबूल केल्याप्रमाणं, पण थोडीच.

जेन योलेनची 'ब्रायर रोझ', 1992. एक आजी आयुष्यभर झोपलेल्या राजकन्येची गोष्ट सांगते आणि म्हणते, ती मीच. तिच्या गोष्टीत राजकन्या जागी होते, बाकी कुणीच जागं होत नाही. आजी गेल्यावर नात शोध घेत पोलंडमधल्या हेल्मनोपर्यंत पोहोचते, जिथं नाझींनी विषारी वायूनं माणसं मारली. त्यात जादू अशी जवळजवळ नाहीच. पण परीकथा ही एखाद्या माणसाला खरं सांगायची एकमेव भाषा कशी उरते, हे मला दुसऱ्या कुठल्या पुस्तकानं इतकं दाखवलं नाही.

नओमी नोविकची 'स्पिनिंग सिल्व्हर', 2018. पेंढ्याचं सोनं करणाऱ्या बुटक्याची गोष्ट. नायिका सावकाराची, यहुदी घरातली मुलगी आहे. बाप भिडस्त, वसुली जमत नाही, म्हणून ती वही हातात घेते. मूळ गोष्टीत कर्ज बुडवणारा नायक आणि मागणारा दुष्ट, हा जो जुना डाव आहे तो ती उलटा करून दाखवते. हिशोब, थकबाकी, कर्जाच्या बदल्यात काम, यावर फँटसी कशी उभी राहते ते पाहायचं असेल तर ही वाचाच. बँकेत नोकरी करणाऱ्या बाईनं तर नक्की. उचल देणारी तुमची चेटकीण इथून धीट होईल.

टी. किंगफिशरची 'थॉर्नहेज', 2023. छोटी आहे, एका बैठकीत होते. काट्यांच्या कुंपणाबाहेर बसलेली परी राजकन्येला कुणी उठवू नये म्हणून राखण करते आहे. ही सुचवण्याचं कारण तिची लांबी. तुमची गोष्ट सव्वाशे पानांची असू शकते. कादंबरी म्हणजे चारशे पानं असा पण केला असेल तर सोडा.

अँजेला कार्टरचं 'द ब्लडी चेंबर' (1979) सगळेच सांगतात. त्या कथा आहेत, कादंबरी नव्हे, आणि तिची भाषा इतकी मोहक आहे की लिहिण्याच्या काळात वाचली तर तुमची वाक्यं आठवडाभर तिच्यासारखी होतील. पहिला खर्डा झाल्यावर वाचा.

आणि मराठीत? माझ्या गावच्या परिसरातलंच नाव आहे. चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा'. ती परीकथेवरची नाही, पण समुद्रकाठच्या घळीतून येणारा अद्भुताचा आवाज आणि एका माणसाला मिळालेलं वरदान यावर मोठ्यांसाठी मराठीत किती गंभीरपणे लिहिता येतं याचा तो पुरावा आहे. वरदान हाही सौदाच असतो, हे खानोलकरांना पक्कं ठाऊक होतं.

दोन बारीक गोष्टी. तुमच्या पान 6 वर बोलणारा, थोडा भित्रा खेकडा आहे. तो अँडरसनचा नाही, 1989 च्या कार्टूनपटातला आहे. अँडरसन 1875 मध्ये गेला, त्याची गोष्ट कुणीही वापरावी. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, तो कधीच संपलाय. चित्रपटानं घातलेली पात्रं मात्र त्यांची आहेत. खेकडा काढा. तसाही दांडीवर तो चार दिवस टिकला नसता. दुसरं, 'जलपरी' हा शब्द तुमच्या माणसांच्या तोंडी नको, तो पुस्तकी आहे. पण म्हणून तिला सरळ आसरा (पाण्यातली देवता) किंवा गिऱ्हा (पाण्यातलं भूत) हेही करू नका. त्यांचे त्यांचे नियम आहेत, आसरा सात असतात, त्यांना नैवेद्य लागतो, आणि लोक त्यांना खरोखर मानतात. गावातले लोक तिला काय म्हणतील यावरच भांडण होऊ द्या. एक म्हणेल आसरा, दुसरी म्हणेल कुणाची तरी टाकलेली बायको, पोलीसपाटील म्हणेल कागद बघू. नाव ठरत नाही तोवर वाटा पडत नाही. गोष्ट चालू राहील.

आता पान 81. लग्नाचा प्रसंग लिहायला बसला होतात ना, तो बाजूला ठेवा. मासेमारीची बंदी 31 जुलैला संपते. नारळी पौर्णिमा होऊन होड्या नीट चालू झाल्या की बँकेत जायच्या आधी एखाद्या पहाटे दांडीवर उभ्या राहा. दोर ओढताना बघू नका, ते फोटोवाले बघतात. वाटे पडताना बघा. वाटे कोण पाडतो, पाडताना तो कुणाकडे बघत नाही, आणि सगळे उचलून झाल्यावर वाळूवर काय उरतं, एवढं टिपा. मग तिला त्या गर्दीत आणा, पाय कापलेले, दोर ओढून तळहात सोललेले, आणि तिच्या ओंजळीत कुणालातरी चार तारल्या टाकू द्या. ते पान मला पाठवा.